सहाव्या घराची रुंदी

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. मांजरपाटाचा, दोन्ही टोकांना बांबू शिवलेला, सात फूट लांब आणि तीन फूट उंच. मला कुणी कॅलेंडर म्हटलेलं खपत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कॅलेंडर डिसेंबरात खिळ्यावरून उतरतं आणि त्याच्या कागदात चिवडा बांधला जातो. मला एकतीस वर्षं झाली. मी अजून आहे, आणि माझ्या अंगावर कुणाच्या मर्जीची एक ओळ मी लिहू दिलेली नाही. ती कशी लिहिली जाता जाता राहिली, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझ्या अंगावर सात घरं रंगवलेली आहेत. देवाने माणसाशी सगळ्या काळात एकाच रीतीने व्यवहार केला नाही, काळ बदलला तसा कारभार बदलला, असं मानून बायबल वाचणारी माणसं आहेत. मी त्यांचा. पहिल्या घरात एदेन बाग आणि निर्दोष माणूस. तिथून तो हाकलला गेला की दुसरं घर, जिथे त्याला फक्त स्वतःच्या मनाचा कौल होता. त्याचा शेवट जलप्रलयात. तिसऱ्यात माणसावर माणसाचं राज्य आणि अर्धवट राहिलेला बाबेलचा बुरूज. चौथं अब्राहामाला दिलेल्या वचनाचं. पाचवं मोशेच्या नियमशास्त्राचं, त्यात पेटलेला डोंगर आणि दोन दगडी पाट्या. सहावं कृपेचं, त्याच्या सुरुवातीला वधस्तंभ आहे आणि पुढे सगळं कोरं, कारण आपण सध्या त्याच घरात राहतो. सातवं येणाऱ्या राज्याचं, हजार वर्षांचं. सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये काळ्या रंगाची एक बारीक फट आहे, ती मोठ्या संकटाची. प्रभू आपल्या लोकांना वर, स्वर्गात घेईल आणि मग ते संकट येईल. पण वर कधी घेईल, ते माझ्यावर कुठेही लिहिलेलं नाही. ते मुद्दाम लिहिलेलं नाही.

मला बनवून घेतलं सत्यशीलाबाईंनी. शिरूर कासार तालुक्यातल्या एका वस्तीवर त्या बालवाडी चालवायच्या. वस्तीत वीसेक घरं ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांची आणि एक पत्र्याचं प्रार्थनागृह. आजूबाजूचा सगळा गाव शेतकऱ्यांचा, देवळाच्या घंटेवर उठणारा. बाई एकदा नगरकडे बायबलच्या वर्गाला गेल्या आणि तिथला तक्ता वहीत पेन्सिलने उतरवून घेऊन आल्या. मग ती वही घेऊन त्यांनी बीड गाठलं, राधाकिशन पेंटरचं दुकान. हा गडी दुकानांच्या पाट्या आणि निवडणुकीच्या घोषणा रंगवायचा. बायबल त्याने कधी पाहिलं नव्हतं, पण हात चांगला होता आणि जीभ त्याहून चालणारी. आदाम-हव्वेला कपडे नाहीत म्हटल्यावर त्याने त्यांच्या गळ्यापर्यंत झुडपं काढली.

खरी गंमत सातव्या घरापाशी झाली. बाईंना ते सोनेरी हवं होतं. राधाकिशनच्या डब्यात सोनेरी रंग तळाला गेलेला. तो म्हणाला की घर जरा बारीक करू, चमक तेवढीच राहील. बाई हो म्हणाल्या. सातवं घर वीतभराच्याही आत आलं आणि उरलेलं सगळं कापड सहाव्याला मिळालं. मित्रांनो, माझ्या सहाव्या घराच्या रुंदीचं रहस्य एवढंच आहे. डब्यात रंग कमी होता.

दिवाळी झाली की वस्तीतली माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला निघायची. लेकरंही सोबत जायची, त्यामुळे बालवाडी ओस पडायची. मग बाईंनी ठरवलं की लेकरं जिथे तिथे आपण. मला गुंडाळून खांद्यावर टाकायच्या आणि टोळी जिथे उतरली असेल तिथे जायच्या. पाचटाच्या कोप्यांमध्ये, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांमध्ये, संध्याकाळी माणसं उसाच्या फडातून परतली की उभ्या केलेल्या बैलगाडीच्या जुवाला मला टांगायच्या. वाचता येणारे दोन-तीनच असायचे. पण माझी घरं बोटाने वाचता यायची. बाई बायबलातला एखादा भाग वाचून दाखवायच्या आणि विचारायच्या, "हे कुणाला सांगितलंय? आन् आपुन कोणत्या घरात हाय?" मग बायका उठून माझ्यावर बोट ठेवायच्या. कुणी चुकलं तर दुसरी तिचं बोट धरून सरकवायची. पावसात मी तीनदा भिजलो, आटलो, एकदा बैलाने माझा कोपरा चघळला. मला त्याचं काही वाटलं नाही. मी कामाला होतो.

आता माझ्यावर जे हसतात त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. वस्तीतल्या आसारामची बायको सुनिता. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी, सातव्या महिन्यात असताना फडातच तिचं मूल गेलं. त्याच आठवड्यात कोप्यांवर एक फिरता प्रचारक आला. टोळीला रविवारची सुट्टी नसते, कारखाना थांबत नाही. तो म्हणाला की तुम्ही शब्बाथ मोडता, देवाच्या दिवशी कोयता चालवता, म्हणून शाप लागला. सांगून तो पुढच्या फडाकडे निघून गेला. सुनिताने अन्नपाणी सोडलं.

बाईंना कळलं तेव्हा त्यांनी भर दुपारी मला उलगडलं. सुनिताला उठवून माझ्यासमोर आणलं, तिचा हात धरला आणि पाचव्या घरावर टेकवला.

"शब्बाथाचा नेम ह्या घरातल्या लोकांना दिलता," बाई म्हणाल्या. "इस्राएलाला. तो न पाळल्याचा शाप पण त्यांच्याच करारातला हाय. तू ह्या घरात कवाच नव्हतीस, सुनिता." आणि तो हात वधस्तंभावरून ओढत त्यांनी सहाव्या घराच्या मधोमध आणला. "तू हितं हाय. ऊस तोडला म्हणून देवानं तुझं लेकरू न्हाई नेलं."

सुनिता माझ्या कापडात तोंड खुपसून रडली. संध्याकाळी तिने अर्धी भाकरी खाल्ली. दोन वर्षांनी तिला मुलगी झाली, आरोही. त्या दिवशी मला जे वाटलं त्याला मी सरळ अभिमान म्हणतो, आणि तो मी लपवणार नाही.

पुढे बाई थकल्या. गुडघे गेले, टोळीमागे फिरणं थांबलं. मी प्रार्थनागृहाच्या भिंतीवर टांगून राहिलो. मग शहरातून शिकून आलेले नवे पास्टर एक आड एक रविवारी येऊ लागले. माणूस वाईट नव्हता. पण मला बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. त्यांचं म्हणणं, देवाचं वचन अखंड आहे, त्याचे असे सात तुकडे करणं ही परदेशी लोकांची खोड. एका रविवारी त्यांनी मला उतरवलं आणि तिथे सूर्योदयाचं मोठं फ्लेक्स लावलं. चकचकीत होतं. त्यावरून एकाही बाईने कधी बोट फिरवलं नाही.

तुकडे! मित्रांनो, शेतात बांध घातला म्हणून कुणी जमीन कापली असं म्हणतं का? बांध असतो म्हणून कळतं की कुणाचं पाणी कुठे जायचं. पास्टरांना माझं वाचन पटलं नाही तर नको पटू दे, पटायलाच हवं असा माझा हट्ट नाही. पण ज्या बाईच्या गळ्यात दुसऱ्याचा शाप बांधला होता तिला जाऊन विचारा म्हणावं, मी तोडलं की जोडलं. हे मी तेव्हा मनात म्हटलं आणि आजही म्हणतो.

सहा वर्षं मी हार्मोनियमच्या पेटीमागे उभा होतो. पाल आली, उंदीर आले, धूळ तर रोजचीच. आणि मग एका दुपारी आसाराम आला. त्याने मला बाहेर काढलं, फडक्याने पुसलं, जमिनीवर हलक्या हाताने उलगडलं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. वाटलं, आपले दिवस परत आले.

त्याने खिशातून सुनिताच्या शिलाईची टेप काढली.

आसारामला मोबाईलवर प्रवचनं ऐकायची सवय लागली होती. त्यात एकजण ठासून सांगत होता की प्रभू येत्या बुधवारी येणार. आसारामला पुरावा हवा होता, आणि तो त्याने माझ्याकडे शोधला. लहानपणापासून बोट फिरवलेला तक्ता. त्याच्या दृष्टीने माझी प्रत्येक रेघ देवानेच आखलेली. चौथ्या घराची, वचनापासून नियमशास्त्रापर्यंतची वर्षं बायबलात आहेत, चारशे तीस. त्याने चौथ्या घराला टेप लावली, मग सहाव्याला लावली, आणि मोबाईलवर त्रैराशिकाने हिशेब केला. सहाव्या घराचा शेवट यंदाच्या सालात आला.  मी जीव तोडून ओरडलो असतो, पण कापडाला तोंड नसतं. अरे, डब्यात रंग कमी होता रे.

एवढ्यावर राहिलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण त्याच दिवसांत आरोहीला अंबाजोगाईला नर्सिंगच्या कोर्सला जागा मिळाली होती. हजर होण्याचा शेवटचा दिवस बुधवार. आसाराम म्हणाला, त्या दिवशी पोरगी आपल्यापासून लांब नको, जायचं तर सगळे एका जागेवरून जाऊ. त्याने तिचे दाखले ट्रंकेत घातले, कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. सुनिताने समजावून पाहिलं, भांडून पाहिलं. पोरगी दोन दिवस कुणाशी बोलली नाही. वस्तीतून कॉलेजात जाणारी ती पहिलीच होती. बुधवार हुकला असता तर पुढच्या हंगामात तिच्या हातात कोयता होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही.

तो रविवार पास्टर न येण्याचा. आसारामने फ्लेक्स काढून मला परत भिंतीवर चढवलं. वस्ती जमली. त्याने टेप लावून हिशेब मांडून दाखवला, आणि खरं सांगतो, माणसांना ते पटलं. काहींचे डोळे भरले. बुधवारी सगळ्यांनी इथेच जमायचं, वस्ती सोडून कुणी जायचं नाही, असं तो म्हणाला. मग त्याने लाल रंगाचा डबा उघडला. सहाव्या घराच्या टोकाला उभी रेघ मारून तो खाली तारीख लिहिणार होता.

मित्रांनो, बैलाने चघळलं तेव्हा मी घाबरलो नव्हतो. तेव्हा घाबरलो. एकदा ती तारीख माझ्यावर चढली असती तर गुरुवारी सकाळपासून मी खोटा ठरलो असतो, आणि माझ्यासोबत सुनिताच्या हातालाही लोकांनी खोटं ठरवलं असतं.

कुंचला माझ्यापासून हातभर लांब असताना आरोही उठली. तिने बापाच्या हातातून टेप घेतली, पण चौथ्या घराकडे गेली नाही. तिने सातवं घर मोजलं, मग सहावं.

"पप्पा, राज्य हजार वर्षांचं हाय ना? सातवं घर नऊ सेंटिमीटर हाय," ती म्हणाली. "नऊला हजार, तर हे बहात्तर सेंटिमीटर म्हंजी आठ हजार वर्षं. त्यातली दोन गेली. अजून सहा हजार बाकी हायत. तवर मला कोर्स तरी करू द्या."

आधी मागची पोरं हसली, मग बायका, मग सगळं प्रार्थनागृह. मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या सत्यशीलाबाईंनी सांगून टाकलं की सोनेरी रंग पुरला नव्हता म्हणून ते घर बारीक आहे. त्यावर तर पत्रे हादरले. मीही हसलो असतो. पण मी आसारामच्या अगदी समोर होतो आणि मला त्याचं तोंड दिसत होतं. कुंचला तसाच वर धरलेला, त्यातून लाल थेंब त्याच्या पायावर पडत होते.

बाई हसल्या नव्हत्या. काठी टेकत त्या पुढे आल्या. हा आसाराम त्यांच्या बालवाडीतला, त्याला त्यांनी अंक शिकवले होते.

"आसाराम," त्या म्हणाल्या, "तुला कावून एवढी घाई झालीय?"

 

"बाई, मी दमलोय," तो म्हणाला. "चोवीस हंगाम झाले. आता वाकलं की कंबर उठत न्हाई. पोरगी गेली की परत आमी दोघं, आन् तोच कोयता. तो बुधवारी आला तर सुटंल, असं वाटलं. लई वाटलं."

 सुनिताने पदर तोंडाला लावला. मला त्याचा आलेला सगळा राग तिथल्या तिथे उतरला. आणि मी काही राग सहज सोडणारा तक्ता नाही.

"येईल तो," बाई म्हणाल्या. "आज येईल, न्हाई तर माझी माती झाल्यावर येईल. मी रोज वाट बघती. पण आपुन दमलो म्हणून त्याचा दिवस आपुन ठरवायचा न्हाई. आन् तवर पोरीचं काम अडवायचं न्हाई. तिला स्टँडवर नेऊन सोडणं, हे पण वाट बघण्यातच येतं, बाबा."

आसारामने कुंचला डब्यात ठेवला.  मग तो बाहेर निघून गेला.

सोमवार गेला. मंगळवारी सुनिता येऊन माझ्यासमोर बसली. किल्ली अजून करदोट्यालाच आहे, असं तिने बाईंना सांगितलं. मी भिंतीवर होतो, पण भिंतीवर असल्याचा मला काही आनंद नव्हता.

बुधवार उजाडला. सातेक माणसं खरंच जमली होती, धुतलेले कपडे घालून. आसाराम त्यांत नव्हता. सुनिता धापा टाकत आली आणि म्हणाली की पहाटे उठून बघते तर ट्रंक उघडी, बापलेक दोघंही घरात नाहीत. कुठे जातोय, ते आसाराम सांगूनसुद्धा गेला नव्हता. बाई म्हणाल्या, बस जरा. गाणी झाली, प्रार्थना झाली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा बाईंचा मोबाईल वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"बाई, मी अंबाजोगाईला हाय," आसारामचा आवाज आला. मागे खूप गलका होता. "रांगेत हाय. पुढं सात जण हायत. आरोही झेरॉक्स काढायला गेलीय." मग म्हणाला, "बाई, आज तो आलाच, तर त्याला सांगा. आसाराम हितं उभा हाय, पोरीचे कागद घिऊन. हितनंच ने म्हणावं."

बाईंनी डोळे पुसले.

"त्याला सांगावं लागत न्हाई," त्या म्हणाल्या. "तू पुढं सरक, मधी कुणी घुसंल."

त्या दिवशी प्रभू आला नाही. आरोहीला जागा मिळाली.

पास्टर पुढच्या रविवारी आले तेव्हा मी भिंतीवर होतो आणि फ्लेक्स पेटीमागे. ते काही बोलणार होते, पण पहिल्या ओळीत बसलेल्या सुनिताकडे बघून थांबले. अजून त्यांचं-माझं जमलेलं नाही. त्यांनी त्यांचं सांगावं, मी माझ्या खिळ्यावरून हलणार नाही.

मित्रांनो, माझी एवढी विनंती आहे, आणि ती मी मान खाली घालून करत नाही. मला धुऊ नका, मी आधीच पुष्कळ आटलोय. घडी घालू नका, गुंडाळा. मला टेप लावू नका. माझ्या सहाव्या घराचं टोक कोरं आहे, ते कोरंच राहू द्या. आणि तारीख लिहायची एवढीच हौस असेल, तर आपल्या लेकीच्या ॲडमिशनची शेवटची तारीख लिहा, मोठ्या अक्षरांत, घराच्या दारावर. माझ्यावर नको.